पेट्रोलच्या टाकीवरचा निळा

काळा

सगळ्यात खाली काळा असतो. आरशासारखा गुळगुळीत, ज्यावर धुळीचा एक कण चालत नाही असा. त्याच्यावर चांदी. चांदीवर निळा, पण झाकून टाकणारा निळा नव्हे, काचेसारखा, आरपार. उजेड त्यातून खाली जातो, चांदीवर आपटतो, परत वर येतो आणि येताना रंग घेऊन येतो. एक थर दिला तर आकाश. आणखी दिला तर तळं. देत गेलं की विहीर. आणि एखादा थर जास्त झाला की सगळं मिटतं, तिथून परत येता येत नाही. आरपार रंग एकाच दिशेने चालतो, आत.

मी हेच काम करते. गाड्यांच्या, विमानांच्या, बोटींच्या छोट्या प्रतिकृती लोक हौसेने जुळवतात आणि रंगवायला माझ्याकडे आणून देतात. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची खोली आहे. खिडकीशी टेबल, टेबलावर पुठ्ठ्याचं खोकं, खोक्याला मागून पंखा बसवलेला, रंगाचा फवारा बाहेर ओढायला. टेबलाखाली हवेचा कॉम्प्रेसर. तो मधूनच जागा होतो, गुरगुरतो, परत झोपी जातो. हातात एअरब्रश, पेनाएवढा. त्याचा खटका दाबला की हवा येते, मागे ओढला की रंग येतो. एवढंच. बाकीचं सगळं वाट बघणं असतं.

या वेळची मोटरसायकल मात्र कुणी आणून दिलेली नव्हती. ती आमच्या आईची होती. म्हणजे आईच्या गाडीची प्रतिकृती, तळहातावर मावणारी. टाकी माझ्या अंगठ्याएवढी.

आई नर्स होती. बाळंतपणं करायला लांब लांब जायची, मोटरसायकलवरून. गाडी निळी होती आणि तो निळा असाच होता, आरपार. आईला जाऊन खूप वर्षं झाली. गाडी तर तिच्याही आधी विकली गेली. फोटो एकच उरलाय आणि त्यात रंग नाही. टाकी राखाडी, आईचा कोट राखाडी, आम्ही दोघी बहिणी राखाडी.

निळा फक्त ताईच्या डोळ्यात उरला होता. एकाच डोळ्यात, डावा तिचा लहानपणीच चेंडू लागून गेला. उरलेल्या उजव्यावर तिने शाळा केली, नोकरी केली, संसार केला, आणि आता त्या उजव्यात मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनची तारीख मिळाली होती. "क्वचितच काही बिघडतं," डॉक्टर म्हणाले होते. ज्याच्याकडे दोन डोळे आहेत त्याला क्वचित हा शब्द पुरतो.

"छोटे," ताई म्हणाली. मी पन्नाशी ओलांडली तरी तिच्यासाठी छोटीच. "त्याच्याआधी मला आईची टाकी एकदा बघू दे. मग डोळ्याचं काय व्हायचं ते होऊ दे."

"काहीतरी अभद्र बोलू नकोस."

"अभद्र काय त्यात? एकच आहे, तर शेवटचं काय बघून घ्यायचं ते ठरवायला नको?"

"नवऱ्याचं तोंड बघून घे," भाऊजी पेपरामागून म्हणाले.

"ते पाठ झालंय."

वाळेपर्यंत

दार उघडं आहे. आई किक मारते. मी टाकीवर बसलेय.

चमचे

रंग आधी चमच्यांवर बघायचा असतो. प्लास्टिकचे, वापरून फेकून द्यायचे चमचे. त्यांची फुगीर पाठ गाडीच्या पत्र्यासारखी वळते, म्हणून. प्रत्येकावर काळा, प्रत्येकावर चांदी, मग पहिल्यावर निळ्याचा एक थर, पुढच्यावर दोन, पुढच्यावर तीन, अशी रांग. मी ती रांग थर्माकोलच्या पट्टीत उभी खोचली आणि ताईला बोलावलं.

भाऊजी तिला हाताला धरून जिन्यावरून वर घेऊन आले. वर येईपर्यंत तेच जास्त धापा टाकत होते.

"एवढे चमचे! पंगत आहे का कुणाची?"

"अहो, हात लावू नका हं कशाला."

"लावत नाही, मेहुणीबाई. मला माझी लायकी माहितीये."

ताई खिडकीशी बसली. चमच्यांजवळ तोंड नेलं, इतकं जवळ, की तिच्या श्वासाने पहिला चमचा धुरकटला. मला आतून माहीत होतं ती कुठे बोट ठेवणार. शेवटून तिसरा. तिथे विहीर सुरू होत होती.

"हे इकडचे काळे कशाला रंगवलेस?" ताई म्हणाली.

"काळे कुठले?"

"हे काय. हे, हे आणि हे. काळे कुळकुळीत."

"ताई, तो निळा आहे. खोल निळा."

"मग मी काय आंधळी आहे?" असं म्हणून ती स्वतःच हसली, आणि भाऊजी हसले नाहीत. "बरं, अर्धी आहे. पण काळा मला कळतो गं."

मग तिने पुढच्या बाजूच्या चमच्यांकडे मान वळवली. "आणि हे हिरवट झालेत. शेवाळं आल्यासारखे. आईची टाकी अशी नव्हती. ती… कशी सांगू तुला. ती दारातून बाहेर पडली ना, की दारात थोडा वेळ निळं राहायचं."

"मला आठवते."

"तुला काय आठवणार? तू एवढीशी होतीस. तुला मी सांगितलेलं आठवतं."

हे ती मला आयुष्यभर म्हणत आली आहे. आईचा आवाज, आईचा पहिला चष्मा, आई पडली तो दिवस: काहीही निघालं की "तुला मी सांगितलेलं आठवतं." इतक्या वेळा ऐकलंय की आता मलाही वाटतं, माझ्या डोक्यात आईचं जे काही आहे ते सगळं ताईचंच आहे, मी फक्त सांभाळायला घेतलंय.

पण टाकीवर मी बसायचे. ती दारात उभी राहायची.

वाळेपर्यंत

दार उघडं आहे आणि बाहेर धुकं. आई किक मारते, एकदा, परत एकदा. मी टाकीवर बसलेय, टाकी गार आहे आणि माझ्या गुडघ्यांच्या मधे एक आकाश आहे, त्याला झाकण आहे, झाकणाला किल्ली.

टाकी

मला वाटलं, ताईला चमच्यांवरून अंदाज येत नसावा. चमचा म्हणजे चमचा. खरी टाकी, तिचा तो आकार, वर छोटं चकचकीत झाकण, हे सगळं पुढ्यात आलं की ओळखेल. म्हणून मी टाकीच रंगवली. काडीच्या टोकाला चिमट्यात धरून, फिरवत फिरवत, धुक्यासारखे पातळ हात देत. आरपार रंगात घाई चालत नाही. एका जागी क्षणभर रेंगाळलं तरी तिथे डाग दिसतो. दुसरा रंग चूक झाकतो, हा चूक दाखवतो.

शेवटून तिसऱ्या चमच्याएवढी खोली आली तेव्हा थांबले. खिडकीतून ऊन आत आलं होतं. टाकी मी उन्हात धरली आणि तिच्या कडा काळ्या राहिल्या, पोट मात्र पेटलं. विहिरीत पडावं तसं माझ्या हातातून काहीतरी खाली पडत गेलं, पडतच राहिलं, आवाज आलाच नाही.

भाऊजी ताईला पुन्हा वर घेऊन आले आणि तिने टाकी डोळ्याला जवळजवळ टेकवली. बराच वेळ. मग काडी माझ्या हातात परत दिली, कुणी आजारी मूल परत देतं तशी.

"छोटे, मस्करी करतेस का माझी?"

"नाही गं."

"काळी आहे ही. आईची गाडी काळी नव्हती."

"ताई, उन्हात बघ."

"उन्हात बघितली. काळी, आणि वर ऊन." तिचा आवाज चढला. "मला सांग, तुला जमत नसेल तर तसं सांग. मी काही बोलणार नाही. पण मला काहीतरी दाखवून गप्प करू नकोस. दिवस उरलेत किती माझ्याकडे?"

भाऊजी म्हणाले, "अगं, ती एवढी मेहनत घेतेय."

"मेहनतीचं काय लोणचं घालू?"

ती गेल्यावर मी टाकी स्पिरिटमध्ये बुडवली. निळा सुटताना धाग्याधाग्याने सुटतो, वाटीत फिरतो, मग अख्खी वाटी निळी होते आणि तळाशी टाकी उघडी पडून राहते, प्लास्टिकची, फिकट. उतरवताना झाकणाच्या बारीक कडा जराशा बोथट झाल्या. एकदा उतरवलं तर एवढं. पुन्हा उतरवलं तर झाकण राहणारच नव्हतं.

पिवळी पट्टी

त्यानंतर दोन दिवस मी टाकीला हात लावला नाही. बाकीचं करत बसले. चाकं, साखळी, आणि वळताना लुकलुकणारे ते पिवळे दिवे. दिव्यांसाठी मी पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीवर पिवळा फवारते, चांगला गडद, चहाच्या अर्कासारखा, आणि वाळल्यावर त्यातून दिव्याच्या काचा कापून काढते. पट्टी वाळली. धूळ बसलीय का बघायला मी ती खिडकीकडे उचलून धरली.

पट्टीच्या पलीकडे चमच्यांची रांग होती.

शेवटचे चमचे काळे होते. कुळकुळीत. पुढचे हिरवट होते, शेवाळल्यासारखे.

मी पट्टी खाली केली. निळे. पट्टी वर केली. काळे, हिरवट. टेबलाखालचा कॉम्प्रेसर जागा झाला तेव्हा मी इतकी दचकले की पट्टी हातातून सुटली.

ताईने भाऊजींच्या पुतण्याच्या निळ्या शर्टाला काळं बटण लावलं होतं, निळं समजून. भिंतीचा रंग कळकट झालाय म्हणून घरमालकाशी भांडली होती, आणि भिंत नवीकोरी होती. चहात दूध जास्त घाल, गडद होतोय, असं म्हणत राहायची. आम्ही सगळे म्हणायचो, वय झालं, चिडचिड वाढली.

ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीला मी तिच्यासोबत गेले. ती आत थेंब घालून घेत होती तेव्हा डॉक्टरांना विचारलं, मोतीबिंदू पिवळा असतो का?

"पिकला की पडतो पिवळा. तपकिरीसुद्धा होतो. तुमच्या बहिणीचा चांगला मुरलेला आहे," ते म्हणाले. "का?"

"काही नाही. ती निळ्याला काळा म्हणते."

"म्हणणारच. निळा तिच्या डोळ्यात पोचतच नसणार. हळूहळू होतं ना हे, माणसाला कळत नाही. काढल्यावर कळतं."

म्हणजे ताईच्या डोळ्यावर थर होता. कुणीतरी वर्षानुवर्षं, पातळ हाताने, एकही डाग पडू न देता, एकेक थर देत गेलं होतं. इतकं सफाईदार काम मी कधी केलेलं नाही.

घरी येताना रिकाम्या रस्त्यावर ती माझा दंड धरून चालत होती आणि मला ठरवायचं होतं. खरा निळा रंगवला तर तिला काळी टाकी दिसणार. ऑपरेशन बिघडलं तर ती काळी टाकीच शेवटची. आणि तिच्या डोळ्याला निळी दिसेल अशी रंगवली, तर ती टाकी खोटी.

"एवढी गप्प का?" ताई म्हणाली.

"विचार करतेय."

"करू नकोस. तुझ्या तोंडावर येतात सगळे, आणि मला ते दिसत नाहीत. उगाच वाया."

वाळेपर्यंत

दार उघडं आहे आणि बाहेर धुकं, दारात ताई उभी आहे, एका पायावर, दुसऱ्या पायाचा मोजा हातात. आई किक मारते, एकदा, परत एकदा, आणि गाडी खोकते. मी टाकीवर बसलेय, टाकी गार आहे, मग कोमट, मग गरम, आणि माझ्या गुडघ्यांच्या मधे एक आकाश आहे, त्याला झाकण आहे, झाकणाला किल्ली, आणि मी वाकून बघते तर निळ्याच्या खाली कुणीतरी झोपलंय, चांदीच्या अंथरुणावर, आणि आम्ही हललो की तेही हलतं.

एक थर

टाकीला मी पुन्हा काळा दिला, वर चांदी, आणि पट्टी डोळ्यासमोर धरून निळा मिसळला. उघड्या डोळ्याने मिसळते तसं नाही, तिच्या डोळ्याने. निळ्यात जांभळ्याचा थेंब, मग अर्धा थेंब. हिरवट झाक गेली पाहिजे. चांदी जास्तीत जास्त दिसली पाहिजे. शेवटी फक्त एक थर, तोही इतका पातळ की फवारताना काही लागतंय की नाही असं वाटावं.

एकच थर. हे मात्र मी पूर्ण शुद्धीत ठरवलं. त्यावर पुढे आणखी देता येतात. काढता येत नाहीत.

पट्टीतून टाकी निळी दिसत होती. पट्टी बाजूला केली की जत्रेतल्या फुग्यासारखी. मला ती बघवत नव्हती.

ताई ऑपरेशनच्या आदल्या सकाळी भाऊजींबरोबर आली. हात लावू नको असं मी सांगायच्या आधीच तिने दोन्ही हात पाठीमागे धरले, दुकानात गेलेल्या मुलीसारखे. मी काडी तिच्या डोळ्यासमोर धरली आणि सावकाश फिरवली.

खाली दुकानात कुणीतरी सायकलचं चाक हवेत फिरवून बघत होतं. ते फिरत राहिलं, टिकटिक करत, हळू होत होत थांबलं. ताईने मान थोडी तिरकी केली, मग दुसरीकडे तिरकी केली. मग एक पाऊल मागे गेली. आणखी एक. पाठ दाराला लागली तेव्हा थांबली.

"हां," ती म्हणाली. "आता इथून."

मी काडी उजेडात उंच धरून, खोलीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेली. काडी मधे मधे हिंदकळली. मला वाटतं, त्यामुळे गाडी खडबडीत रस्त्यावरून गेल्यासारखी वाटली असेल. ताईची मान तिच्याबरोबर वळत गेली.

"ही," ती म्हणाली. "हीच गं." आणि मग खूप वेळाने, "किती जोरात जायची नाही?"

भाऊजी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत होते. त्यांना टाकी दिसत होती, माझ्यासारखीच. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच नको म्हटलं. ते पुन्हा बाहेर बघू लागले.

"अहो, बघा ना," ताई म्हणाली.

"बघितली. फार छान," भाऊजी म्हणाले. लग्नानंतर ते तिच्याशी इतकं सरळ कधी बोलले असतील असं मला वाटत नाही.

पट्टी सोडल्यावर

काही बिघडलं नाही.

डोळ्यावरची पट्टी काढली तेव्हा मी आणि भाऊजी पलंगाशी उभे होतो. ताईने आधी छताकडे बघितलं, मग चादरीकडे, मग स्वतःच्या हातांकडे. हात उलटे केले, सुलटे केले.

"हे कुणाचे आहेत?"

"तुझेच."

"इतके डाग?" मग तिने भाऊजींकडे बघितलं आणि डोळा मोठा झाला. "अहो! तुम्ही इतके पांढरे कधी झालात?"

"तुझ्या डोळ्यादेखत झालो."

"आणि हा निळा शर्ट कुठला?"

"पांढरा आहे."

"निळा आहे हो."

सगळंच निळं होतं. चादर निळी, भिंत निळी, नर्सने आणलेलं दूध निळं. डॉक्टर म्हणाले, काही दिवस असं वाटेल, मग मेंदूला सवय होते. ताई खिडकीशी उभी राहून रस्त्याकडे बघत होती. डांबर निळं, कावळा निळा. "तुम्ही लोक रोज हे बघत होता?" ती म्हणाली, तक्रारीच्या सुरात. "आणि मला कुणी बोललं नाही?"

डोळ्यावर काळा चष्मा घालायचा होता तोवर तिने टाकीचं नाव काढलं नाही. मीही नाही. चष्मा निघाला तशी एका दुपारी ती एकटीच जिना चढून माझ्या खोलीत आली, हाताला कुणी नको म्हणून.

टेबलावर टाकी काडीवर उभी होती. ताई तिच्यासमोरून पुढे गेली, चमच्यांकडे बघितलं, बाटल्यांकडे बघितलं, मग मागे वळली.

"हे कुणाचं?"

"आईचं."

ती हसली. मी हसले नाही म्हणून थांबली. मग काडीजवळ गेली. आता तिला डोळा टेकवावा लागत नव्हता.

"मी हीच म्हणाले होते?"

"हो."

"हा फुग्याचा रंग आहे, छोटे."

मी तिला सगळं सांगितलं. पिवळी पट्टी हातात दिली. दिवे कापून झाल्यावर उरलेला तिचा तुकडा पोस्टाच्या तिकिटाएवढा होता. तिने तो डोळ्यासमोर धरला आणि टाकीकडे बघितलं, आणि मला दिसलं की तिचे खांदे खाली आले. ती तशीच उभी राहिली. बराच वेळ. मला वाटलं, आता ती हा तुकडा घरी नेणार, उशीखाली ठेवणार, रोज सकाळी यातून बघणार, आणि मी काही बोलू शकणार नाही.

"दिसतेय?" मी विचारलं.

"दिसतेय." मग तिने तुकडा खाली केला. "पण असंच बघत बसायचं होतं तर डोळा कशाला कापून घेतला?"

तिने तुकडा टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसली. "चल. दे थर. मी सांगते थांब कधी."

थर

मी निळा मिसळला, उघड्या डोळ्याने. एअरब्रशवरचा छोटा कप भरला. मास्क तिला एक दिला, मी एक लावला. पंखा सुरू केला. पहिला हात दिला.

"अजून," ताई म्हणाली, मास्कमधून.

वाळू दिला. आणखी एक.

"अजून. … नाही, थांब. … नाही, दे."

आकाश गेलं. तळं आलं. दुपार कलली तसं ऊन टेबलावरून सरकत काडीपर्यंत आलं आणि काडीवर चढलं. एक थर वाळेपर्यंत ताई खोलीतल्या निळ्या गोष्टी शोधत होती. बाटलीचं झाकण. वायर. माझ्या मनगटातली शीर.

दार उघडं आहे आणि बाहेर धुकं आणि धुक्यात आणखी एक दार, दारात ताई उभी आहे, एका पायावर, दुसऱ्या पायाचा मोजा हातात, ती काहीतरी ओरडतेय, ते ऐकू येत नाही. आई किक मारते, एकदा, परत एकदा, आणि गाडी खोकते आणि आईच्या कोटाचं बटण माझ्या पाठीला लागतं. मी टाकीवर बसलेय, गार, कोमट, गरम, आणि माझ्या गुडघ्यांच्या मधे आकाश आहे, त्याच्या खाली तळं, तळ्याच्या खाली चांदीचं अंथरूण, आणि तिथे झोपलेलं कुणीतरी कूस बदलतं, रस्ता वळतो, तेही वळतं, आणि दार मागे इतकं लहान होतं, इतकं लहान, की त्यात कोण उभं आहे ते

"छोटे."

"काय?"

"मला येत नाही सांगता."

मी खटक्यावरचं बोट काढलं. तिने मास्क खाली ओढला होता.

"सगळेच तसे दिसतायत. मघाचाही तसाच होता. त्याच्याआधीचाही. मी नुसतं अजून, अजून म्हणतेय." तिने डोळा चोळायला हात वर नेला आणि डॉक्टरांनी चोळू नका सांगितलेलं आठवून परत खाली ठेवला. "मला निळा दिसतोय गं, इतका दिसतोय की पुसूनच गेलं सगळं. आईचा कुठला ते माझ्याजवळ नाही आता."

पंखा चालू होता. बोलायला काहीतरी हवं होतं, पण जे सुचत होतं ते सगळं ती मला आयुष्यभर जे म्हणत आली त्याच्या उलट होतं, आणि ते म्हणायची ही वेळ नव्हती.

"मग राहू दे का एवढ्यावर?" मी विचारलं.

"मला काय विचारतेस? मी दुधाला निळं म्हणणारी बाई." तिने मास्क परत वर ओढला. मग खुर्ची जरा मागे सरकवली, माझ्या हाताला जागा मिळावी म्हणून. "तू बसायचीस ना तिच्यावर. तू दे."

मी देत गेले. आता कुणी काही म्हणत नव्हतं. एक थर, वाट बघायची. एक थर, वाट बघायची. टाकीच्या कडा काळवंडू लागल्या, पोटात उजेड गोळा झाला. मला वाटलं होतं, तो क्षण आपोआप येईल, एखादी कडी बसावी तसा आतून आवाज होईल. तसं काही झालं नाही. एका थरानंतर मी एअरब्रश उचलला, परत ठेवला, परत उचलला. आणखी एक दिला असता तर चाललं असतं. नसता दिला तरी. मी तो ठेवून दिला आणि कॉम्प्रेसर बंद केला.

एकदम शांत झालं. खालच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं, दुकानदार कुणालातरी उद्या या म्हणत होता.

ताई पुढे झुकली. टाकीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अशी होती?"

इतक्या वर्षांत तिने मला आईबद्दल काही विचारलेलं मला आठवत नाही.

"अशी होती," मी म्हणाले.

"नक्की?"

"मी बसायचे ना."

तिने मान हलवली, वर्गात मागच्या बाकावरची मुलगी हलवते तशी. मग खुर्ची पुन्हा पुढे ओढली, कोपर टेबलावर टेकवलं, हनुवटी हातात घेतली.

"अजून काय काय होतं?" ती म्हणाली. "सांग."

"आई गाणं म्हणायची," मी सांगितलं. "गाडी चालवताना. तुला माहीत नाही, दारापर्यंत ऐकू यायचं नाही ते. चढ आला की मोठ्याने म्हणायची. शब्द कधीच पूर्ण यायचे नाहीत तिला, अर्ध्यावर विसरायची, मग तिथे ती वाटेल ते घालायची. एकदा तर…"

"थांब," ताई म्हणाली. "हळू सांग."